बायलकुप्पे : परतीचा कागद जपणारे गाव

म्हैसूरला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन बाग, घरच्यांसाठी रेशमी साडी आणि म्हैसूरपाक. मग गाडी कुर्गच्या वाटेला लागते. हुणसूर मागे पडते, तंबाखूची आणि आल्याची शेते सरकत जातात, पिरियापट्टण येते. म्हैसूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर अचानक झाडांना बांधलेल्या रंगीत पताका दिसू लागतात. पाट्यांवर कानडीच्या शेजारी तिबेटी अक्षरे येतात. लांब झगा घातलेल्या आजीबाई जपमाळ ओढत रस्त्याच्या कडेने चाललेल्या असतात. हे बायलकुप्पे.

नामद्रोलिंग मठातले सुवर्णमंदिर पाहायला इथे रोज गर्दी होते. मधोमध बुद्ध, एका बाजूला पद्मसंभव, दुसऱ्या बाजूला अमितायुस अशा सोन्याने झळाळणाऱ्या तीन भव्य मूर्ती पाहताना मान मागे टाकावी लागते. मुले प्रार्थनाचक्रे फिरवतात, मोठी माणसे फोटो काढतात, बाहेर वाफाळते मोमो खाल्ले जातात आणि तासाभरात गाडी कुशलनगरकडे निघते. पण या गावाची खरी कहाणी मंदिरात नाही. ती घराघरांतल्या कपाटात, कागदांच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली आहे.

जंगल तोडून वसवलेली वस्ती

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यातल्या अनेकांनी सुरुवातीचे दिवस उत्तरेकडे डोंगरात रस्ते बांधण्याच्या कामावर काढले. थंड प्रदेशातली ही माणसे कायमची वसवायची कुठे, हा प्रश्न होता. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने सुमारे ३ हजार एकर जमीन देऊ केली आणि १९६० च्या अखेरीस पहिल्या तुकड्या बायलकुप्प्यात उतरल्या. तेव्हा इथे दाट रान होते. झाडे तोडायची, तंबूत राहायचे, रात्री हत्ती आले की डबे वाजवायचे. हवामान मानवेना, आजारपणे झाली, तरी माणसे टिकली. मका उभा राहिला. तिबेटमधल्या सेरा विद्यापीठ-मठाची नवी शाखा इथेच वाढली. पुढे हुणसूरजवळ, कोळ्ळेगालकडे आणि हुबळीजवळच्या मुंडगोडलाही वसाहती झाल्या.

महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची नोरग्येलिंग वसाहत १९७२ मध्ये सुरू झाली. नवेगावबांधला जाणारे तिकडे जरूर डोकावतात. आणि थंडी पडली की आपल्या शहरांतल्या फुटपाथवर स्वेटरांचे स्टॉल लावणारे तिबेटी तर सर्वांच्याच ओळखीचे.

पिवळी पुस्तिका

इतकी वर्षे इथे राहूनही यातले बहुतेक जण कागदोपत्री ‘परदेशी’च आहेत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी माणसाचा आधार म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. सगळे त्याला ‘आरसी’ म्हणतात. मुदत संपली की ते नवे करून घ्यायचे. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी भारत सरकार ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’ देते. ती पिवळ्या वेष्टनाची पुस्तिका असते, म्हणून ‘यलो बुक’.

पण पुस्तिका हाती आली की झाले, असे नाही. निघण्यापूर्वी बाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते आणि परत येण्याचीही. कुणी भिक्षू युरोपातल्या धर्मकेंद्रात शिकवायला जातो, कुणाची मुलगी अमेरिकेत नर्स होते. तिकडचा मुक्काम लांबला आणि परतीच्या परवानगीची मुदत टळली, तर आपल्याच घरी यायला तिथल्या भारतीय वकिलातीचे दार ठोठवावे लागते. म्हणून इथे जाणाऱ्याला घरची वडीलधारी माणसे खाऊच्या डब्याआधी तारखांची आठवण करून देतात.

ही काळजी मराठी घरांनाही अगदीच अनोळखी नाही. मुलाने काढून दिलेले अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेले आजी-आजोबा पुण्यात किंवा म्हैसुरात वर्ष-दीड वर्ष रमले, की ते टिकेल का ही धास्ती सुरू होते. वर्षाहून अधिक बाहेर राहायचे असेल तर अमेरिका सोडण्यापूर्वीच ‘री-एंट्री परमिट’साठी अर्ज करावा लागतो आणि तेही जास्तीत जास्त २ वर्षांचे मिळते. कॅनडात ५ वर्षांत ७३० दिवस राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. मात्र ग्रीन कार्ड गेले तरी या आजी-आजोबांकडे भारताचा पासपोर्ट असतो. बायलकुप्प्याच्या माणसाची पिवळी पुस्तिका निरुपयोगी ठरली, तर मागे दुसरा देश उभा नसतो.

आईचे घर आणि परमिट

समजा, परदेशी गेलेल्या मुलाने तिथले नागरिकत्व घेतले. आता त्याच्याजवळ भक्कम पासपोर्ट आहे, जगात कुठेही जाता येते. अडचण येते ती नेमकी गावी येताना. बायलकुप्पे हे परदेशी नागरिकांसाठी संरक्षित क्षेत्र आहे. दिवसा मंदिर पाहून जाणे वेगळे, पण मुक्काम करायचा तर केंद्रीय गृह खात्याचे परमिट लागते आणि ते मिळायला कित्येकदा महिने जातात. ज्या घरात तो रांगायला शिकला, तिथे रात्री झोपण्यासाठी आधी अर्ज! आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि परमिट हाती नसेल, तर कुशलनगरच्या लॉजवर राहून रोज येजा करण्यावाचून उपाय उरत नाही.

एकाच घरातल्या भावंडांचे नशीबही वेगळे असते. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतः भारतीय ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा नियम तिबेटींनाही लागू असल्याचे मानले. तेव्हा १९८६ मध्ये जन्मलेली थोरली बहीण भारतीय पासपोर्ट मागू शकते. आई-वडील दोघेही तिबेटमधून आलेले असतील, तर १९८८ मध्ये जन्मलेला धाकटा भाऊ पिवळ्या पुस्तिकेवरच राहतो. शिवाय हक्क असूनही सगळेच तो मागत नाहीत. आपण निर्वासित आहोत ही ओळख सोडली, तर तिबेटला परतण्याचा दावाच सोडल्यासारखे होईल, असे अनेक वृद्धांना वाटते.

जायचे असेल तर

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या बसगाड्या याच रस्त्याने जातात. कुशलनगरला उतरून रिक्षाने सुवर्णमंदिर गाठता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, वस्ती नटलेली असते. मात्र एक तास नव्हे, निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. मंदिर पाहून झाले की सेरा मठाच्या बाजूला जावे, मक्याच्या शेतांमधून वसाहतीत फिरावे, छोट्या खानावळीत थुक्पा घ्यावा. कानडी, हिंदी आणि तिबेटी सारख्याच सहजतेने बोलणाऱ्या तिथल्या तरुणाशी गप्पा माराव्यात. ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले, तर तो बहुधा क्षणभर थांबेल. मग म्हणेल, ‘बायलकुप्प्याचा.’