कोणाच्या हातचे

चिपळूणच्या आमच्या घरी पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप सदैव पालथा घातलेला असे, आणि तो कोणाचा हे घरातल्या लहानग्यालाही सांगावे लागत नसे. आजोबांच्या दुखण्यात डॉक्टरांनी दूध-पाव द्यायला सांगितल्यापासून, सायकलीच्या मागे पत्र्याची पेटी बांधलेले पाववाले चाचा पहाटे आमच्या दाराशी थांबू लागले. आजोबा बरे झाले, तरी चाचांचे थांबणे आणि आईने त्यांना दिलेला चहा ही दोन्ही चालूच राहिली. चहा वरून ओतायचा, तो त्यांनी पायरीवर बसून प्यायचा, कप स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा, हा शिरस्ता इतकी वर्षे निर्वेध चालला की त्यात एका वडीलधाऱ्या माणसाची मानखंडना होते आहे, ही शंका माझ्या मनाला शिवेपर्यंत मी मॅट्रिक होऊन गेलो होतो.

आजी त्या पावाला कधी शिवली नाही. कोणताही पदार्थ समोर आला की तो कशाचा, यापेक्षा तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न ती आधी विचारी. वसईकडे विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा तिच्या लेखी कालच घडलेली होती. पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरलेला तो शब्द उच्चारतानाही तिचा आवाज किंचित खाली येई. ती दुष्ट नव्हती. चाचांच्या घरी कोणी आजारी असल्याचे कळले की काढ्याची पुडी तीच बांधून देई, पण ती पुडीही पायरीवर ठेवली जाई.

पुढे मुंबईत शिकत असताना भेंडीबाजारातल्या एका खानावळीत मित्राने पुढे सरकवलेला खिमा-पाव मी खाल्ला आणि तो मला मनापासून आवडला. सुट्टीत घरी गेल्यावर मात्र ती गोष्ट मी आजीपासून लपवली, आणि चाचा दररोजच्याप्रमाणे पायरीवर पाव ठेवून गेले.

हे सारे पन्नास वर्षांनी, आणि तेही सिंगापुरात, एका बर्गरच्या निमित्ताने आठवेल असे वाटले नव्हते. निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आल्यापासून, तिच्या इमारतीखालचे हॉकर सेंटर हे माझे नित्याचे ठिकाण झाले आहे. एके काळी या शहराचे फेरीवाले रस्त्यारस्त्यांवर हातगाड्या लावून बसत. १९६८ पासून सरकारने त्यांची नोंद करून त्यांना परवाने दिले, आणि १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने छपराखाली, नळ आणि मोऱ्यांची सोय असलेल्या गाळ्यांत आणून बसवले. फेरीवाल्याला हुसकून न लावता त्याला जागा देण्याचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्याचे मूळ मला या निर्णयात दिसते. येथे चिनी, मलय आणि तमिळ चुली एका रांगेत पेटतात. पावाला मलय माणूसही ‘रोटी’च म्हणतो, हे प्रथम ऐकले तेव्हा परदेशात ओळखीचे कोणी भेटावे तसा आनंद झाला होता.

त्या रांगेत नुकताच बर्गरचा एक गाळा उघडला. एक तरुण मलय जोडपे तो चालवते; तो तव्यापाशी, ती डोक्याला रुमाल बांधून गिऱ्हाइकांपाशी. वर पाटी होती, ‘मुस्लिम मालकीचा’. येथील इस्लामी धार्मिक परिषद १९७८ पासून हलालचा दाखला देते. पण प्रत्येक लहान गाळ्यापाशी तो दाखला असतोच असे नाही, आणि जेथे तो नसतो तेथे मालकाची श्रद्धा हाच जामीन मानून मुसलमान गिऱ्हाईक जेवायला बसते. म्हणजे प्रश्न आजीचाच: कोणाच्या हातचे? आमच्या घरी त्या प्रश्नाने एका माणसाला पायरीवर थांबवले; येथे त्याच्याच उत्तरावर अनोळखी माणसे निर्धास्तपणे घास घेतात.

मी काही मागण्यापूर्वीच तिने विचारले, “अंकल, बीफ नको ना?” मी मान हलवली. तिने आत दोन शब्द सांगितले, आणि त्याने हातमोजे बदलले, तव्याचा डावा कोपरा खरवडून पुसून काढला, खिळ्यावरचा दुसरा उलथणा घेतला आणि कोंबडीच्या खिम्याची टिक्की त्या कोपऱ्यात टाकली. उजवीकडे बीफचे गोळे लोखंडी ठोकळ्याखाली दाबले जात होते, त्यांच्या कडा जाळीसारख्या करपत होत्या. मध्ये वीतभर तवा त्याने अखेरपर्यंत मोकळा ठेवला. टिक्की शिजल्यावर अंड्याच्या पातळ पोळीत ती घडी घालून, लोण्यावर भाजलेल्या पावात, वर सांबालचा तिखट लेप देऊन त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. पाव मऊ होता, पण आतली बाजू खरपूस. अंड्याची घडी फुटली की तिखट आणि लोणी एकदमच जिभेवर येई. उत्तम बर्गर होता.

वेगळा कोपरा आणि वेगळा कप. दोन्ही वेगळेच, पण एकात माझी जपणूक होती, आणि दुसऱ्यात चाचांसाठी काय होते, याचा विचार करीत मी बराच वेळ तेथे बसून राहिलो.

वापरलेली तबके परत ठेवायला येथे दोन मांडण्या असतात, एक हलाल आणि दुसरी इतर. माझे तबक पहिलीत गेले, आणि चिनी गाळ्यावरून नूडल्स आणलेल्या नातवाने आपले दुसरीत ठेवले. ही विभागणी कशासाठी, असे त्याने विचारले तेव्हा सांगता सांगता मी चाचांच्या कपापर्यंत पोहोचलो. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “आजोबा, मग तुम्ही त्यांच्याबरोबर बसून चहा कधी प्यायलात?”

कधीच नाही, असे मी त्याला सांगितले.