कोंड्याच्या मोलाचं बाळ

हडपसरच्या गावठाणात सत्तरी-ऐंशीच्या माणसांना त्यांच्या नावाचा अर्थ विचारला तर ती हसतात. दगडू म्हणजे दगड, त्यात विचारायचं काय? धोंडिबात धोंडा, केरबात केर, कचरूत कचरा, भिकूत भीक, कोंडिबात कोंडा. नावं सुचवणाऱ्या ॲपवर यातलं एकही बहुधा सापडणार नाही. तिथं प्रत्येक नाव सूर्याचा किरण असतं, नाहीतर विष्णूचा अंश. मला मात्र या यादीत अर्थ जास्त दिसतो. फक्त तो नावाच्या पोटात नाही, नाव ठेवणाऱ्याच्या पोटात आहे.

ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं नवं बाळ सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवत. ठरल्याप्रमाणे मागून कुणी शेजारीण येई, टाकलेलं पोर उचली, आणि आई तिला मूठभर कोंडा देऊन ते 'विकत' घेई. झालं, पोर आता या घरचं राहिलंच नाही. सटवाईनं कपाळी काय लिहायचं ते लिहू दे, काळानं घर शोधत यावं तर इथं आहे काय? उकिरड्यावरचा केर, कोंड्याच्या मोलाची वस्तू. मुलगा असेल तर कधी नाक टोचून नथ घालत, त्याचा नथू होई. काळ इतका चाणाक्ष, पण मुलगी समजून तो पुढं जाईल अशी आशा. मुलीची किंमत त्यालाही आपल्याइतकीच माहीत, हे त्यात गृहीतच होतं.

या नावांच्या माणसांनी पुढं काय केलं, ते ज्याच्या त्याच्या कर्तबगारीनं ठरलं. 1673 साली साठ गडी घेऊन पन्हाळा घेणाऱ्या फर्जंदाचं नाव कोंडाजी होतं.

ही युक्ती आपलीच असं वाटत होतं, पण काळाला फसवण्याचा धंदा जगभर चाललेला. सीमाभागात, कोल्हापूर-बेळगावकडं, कल्लाप्पा आणि तिपण्णा भेटतात. एकात दगड, दुसऱ्यात उकिरडा. चीनच्या खेड्यांत 'गौशेंग' असे, म्हणजे कुत्र्यानंही उष्टं टाकलेला. मंगोलियात 'एनेबिश', म्हणजे 'हा तो नव्हे', आणि 'नेरग्वी', म्हणजे बिननावाचा. नावच नाही तर हाक मारून नेणार कुणाला? नायजेरियातले योरुबा लोक फसवत नाहीत, सरळ विनवतात. 'मालोमो', आता पुन्हा जाऊ नकोस. 'दुरोजाये', थांब रे, जरा जगून बघ. लेकरं गेलेल्या आईनं ठेवलेलं नाव कळायला भाषा यावी लागत नाही.

पुण्यात तर असल्या एका नावाला सोन्याचा साज चढला. दगडूशेठ गडवे मिठाईवाले. मुलगा गेला, त्या दुःखातून त्यांनी गणपती बसवला, असं सांगतात. आज लाखो लोक नवस बोलायला जातात तो गणपती ज्याच्या नावानं ओळखला जातो, त्याच्या स्वतःच्या नावात दगड आहे. आणि त्या नावानं बापाला राखलं असेल, मुलाला राखलं नाही.

मग ही नावं गेली कुठं? फॅशन बदलली, शिक्षण आलं, हे सगळं खरंच. पण हडपसरात राहणाऱ्याला आणखी एक उत्तर रोज जाता-येता दिसतं. 1966 साली सायरस पूनावाला यांनी इथं सीरम इन्स्टिट्यूट काढली. घरचा घोड्यांचा स्टड फार्म होता आणि घोड्याच्या रक्तातून धनुर्वाताची प्रतिलस तयार होते. धनुर्वात. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली की आठवड्याच्या आत बाळ कमानीसारखं ताठ व्हायचं आणि जायचं. नाव बाराव्या दिवशी ठेवायची रीत कशी पडली याला शास्त्राधार काय असेल तो असो. मला वाटतं, पहिले अकरा दिवस कुणाचा भरवसाच नव्हता. पुढं गरोदर बाईला धनुर्वाताची सुई मिळू लागली, गोवरावर लस आली. पोरं जगायला लागली, तसं आयांना खोटं बोलायचं कारण उरलं नाही. दगडूला घालवलं ते संस्कृत शब्दकोशानं नव्हे, लसीच्या बाटलीनं.

त्या बाटल्या भरणाऱ्या घराची नावंही बघण्यासारखी आहेत. सायरस हा इराणचा जुना राजा कुरुश. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी असा वळसा घालून तो पारशांकडं परत आला. मुलाच्या, अदर पूनावालांच्या, नावात इराणी अग्नी आहे. नावं अशी फार हिंडतात. आषाढी वारीतच बघा, पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरला येतात आणि इथून वाटा फुटतात: तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला, ज्ञानोबा दिवे घाट चढून सासवडला. ज्ञानोबांच्या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली ती आरफळच्या हैबतबाबांनी. 'हैबत' शब्द अरबी, अर्थ धाक, दरारा. टाळकऱ्यांना तो अर्थ ठाऊक नाही, आणि अडतही नाही. तसंच सासवडच्या सोपानकाकांचं. सोपान म्हणजे जिना. पण या पट्ट्यात लेकाचं नाव सोपान ठेवणाऱ्या एकाही बापाच्या मनात जिना नव्हता; घाटापलीकडची समाधी होती.

म्हणून अर्थ शोधायचाच तर कोशापेक्षा घरात शोधावा. घरात शोधला की काही नावं मात्र सोसत नाहीत. नकुशा. दगडूसारखंच ओबडधोबड नाव, पण जात वेगळी. दगडू म्हणताना आई काळाशी खोटं बोलते; नकुशा म्हणताना घर खरं बोलतं. मुलीमागून मुलगी झाली, आता पुरे, हे देवाला कळावं म्हणून पोरीच्या जन्मभराच्या नावाचा निरोप केला. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावं दिली गेली. नवी नावं त्यांनी स्वतः निवडली होती, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. बारशाला जे पाळण्यात पडून ऐकावं लागतं, ते त्यांनी उभं राहून सांगितलं.

आता मगरपट्ट्यातल्या क्लबहाउसात बारसं असतं, तेव्हा पाळण्यामागं दिव्यांची पाटी असते आणि नावावर रेशमी पडदा. भीती गेलेली नाही, तिनं पत्ता बदललाय. वर्गात याच नावाचा दुसरा निघाला तर? अमेरिकेत मास्तरणीला म्हणता आलं नाही तर? स्पेलिंगमध्ये एक 'ए' की दोन, यावर आत्या आणि बाप दोन महिने भांडलेले असतात. परवा अशाच एका बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं, पडदा सरकला, फोन वर झाले. गावठाणातून आलेल्या पणजीनं नाव दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. घुगऱ्यांचा द्रोण बाजूला ठेवून तिनं पाळण्यात वाकून पाहिलं, बाळाच्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "काय ध्यान आहे मेलं!" नातसुनेचा चेहरा उतरला. पणजी मात्र बाळाच्या कौतुकानं फुलून गेली होती.