चाळीस फुटांवरून

आई-बाबा अमेरिकेत आले की त्यांना काय काय दाखवायचं याची एक ठरलेली यादी असते. नायगारा, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, व्हाइट हाउस, जवळचं बालाजीचं देऊळ आणि कॉस्टको. (क्रम ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे!) आमची यादी दोन महिन्यांतच संपली आणि परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं. त्यात बाबांनी एका रविवारी चहा पिता पिता विचारलं, "इथे जवळपास समुद्र नाही का रे?"

आहे ना. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथून बे ब्रिज ओलांडून साधारण तीन तास गाडी हाणली की मेरीलँडचा किनारा. आणि त्या किनाऱ्याला लागून ॲसाटीग नावाचं बेट आहे, जेमतेम साठेक किलोमीटर लांब, अगदी चिंचोळं. तिथे वाळूत घोडे फिरतात. जुहूला गोंडे लावून फेऱ्या मारणारे बिचारे घोडे नव्हेत. यांना लगाम नाही, नालसुद्धा नाही. आपले आपले राहतात.

सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट उघडली. सवयीप्रमाणेच रिक्वायरमेंट्स एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या. बाबांना गर्दी नको. आईला बाथरूम स्वच्छ हवी. बरोबर येणाऱ्या मित्राला ड्रोन उडवायचा आहे. त्याच्या चार वर्षांच्या लेकीला घोड्याला हात लावायचा आहे. आणि आईची दुसरी रिक्वायरमेंट हळूच आली, "जाताना दोन किलो गाजरं घेऊ या हं."

ड्रोनचा निकाल एका मिनिटात लागला. 2014 पासून इथल्या नॅशनल पार्क्समधे ड्रोनला बंदी आहे. हात लावण्याचंही तसंच. नियम असा की घोड्यापासून किमान चाळीस फूट लांब राहायचं. चाळीस फूट म्हणजे किती? तर साधारण एक अख्खी एसटी मधे उभी राहील इतकं. घोडा आपणहून जवळ आला तर? तर मागे आपण सरकायचं, कारण घर त्याचं आहे.

बाबांचा प्रश्न वेगळाच. "पण हे आले कुठून? तिथे काय आकाशातून पडले?" याच्या दोन गोष्टी सांगतात. पहिली एकदम सिनेमास्टाईल: स्पॅनिश जहाज वादळात फुटलं आणि घोडे पोहत किनाऱ्याला लागले. दुसरी आपल्या ओळखीची. सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी जनावरांवरचा कर आणि कुंपणाचा खर्च वाचवायला गुरं-घोडी बेटावर नेऊन सोडली. म्हणजे टॅक्स सेव्हिंग! पार्कवाल्यांना ही दुसरी गोष्ट जास्त पटते. पण 2022 मधे एक गंमत झाली. हैतीतल्या एका जुन्या स्पॅनिश वसाहतीत सापडलेल्या, सोळाव्या शतकातल्या घोड्याच्या दाताचा डीएनए तपासला, तर त्याचे सगळ्यात जवळचे आजचे नातेवाईक याच बेटावरचे निघाले. स्पॅनिश मुळाला त्यामुळे बळ मिळालं, मग जहाज फुटलेलं असो वा नसो. कसंही असलं तरी हे मूळचे पाळीवच. म्हणजे 'जंगली' पेक्षा आपला 'मोकाट' हा शब्द त्यांना जास्त शोभतो.

बेटाची गोष्ट तर बाबांना घोड्यांपेक्षा जास्त आवडली. 1950 च्या दशकात तिथे चक्क प्लॉट पाडले होते. हजारो प्लॉट, रस्ते, सगळं. मार्च 1962 मधे असं वादळ आलं की रस्ते वाळूखाली गेले. बिल्डरांचं स्वप्न तिथेच बुडालं आणि 1965 मधे बेट राष्ट्रीय समुद्रकिनारा म्हणून राखून ठेवलं गेलं. "समुद्रानेच एनए नाकारलं म्हणायचं," इति बाबा. (आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा विनोद.)

बेटावर दोन राज्यांच्या हद्दीवर एक कुंपण आहे आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे कळप. व्हर्जिनियाच्या बाजूचे घोडे शिंकोटीग गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचे. मोठ्या घोड्यांची मर्यादा 150. दर जुलैच्या शेवटी ते कळपाला खाडी पोहून पार करायला लावतात आणि शिंगरांचा लिलाव करतात. पैसा दलाला जातो, संख्या आटोक्यात राहते. मार्गरीट हेन्रीच्या 1947 च्या 'मिस्टी ऑफ शिंकोटीग' या पुस्तकामुळे हा सोहळा जगभर माहीत झाला. पण गर्दी म्हणजे आपली जत्रा. तो पर्याय बाद.

मेरीलँडच्या बाजूला लिलाव नाही. तिथे 1968 मधे फक्त 28 घोडे होते, पुढे ते दीडशेच्या वर गेले. आता घोडे वाढले तर बिघडलं कुठे? बिघडतं. हे बेट म्हणजे वाळूची पट्टी. टेकड्यांची वाळू धरून ठेवतं ते गवत, आणि घोडे खातात तेही गवतच. गवत संपलं की वारा वाळू घेऊन जातो. म्हणून 1994 पासून पार्कवाल्यांनी लांबून डार्ट मारून घोड्यांना गर्भनिरोधक लस द्यायला सुरुवात केली. 80 ते 100 घोडे असावेत हे उद्दिष्ट. बाबा खूश. "म्हणजे लाल त्रिकोण इथेही आहे तर!"

आता गाजरं.

आमच्याकडे नाशिकला पहिली पोळी गाईची. आई आजही ती बाजूला काढते आणि इथे गाय नाही म्हणून चुटपुटत स्वतः खाते. घाटात गाडी थांबली की माकडांना केळी देणारी माणसं आपण. मुक्या जनावराला घास देण्यात वाईट काय असू शकतं, हे तिला 'नियम आहे' म्हणून पटणारच नव्हतं. नियम काय, सिग्नललाही असतात. म्हणून मी तिला दोन घोड्यांची गोष्ट सांगितली.

पहिला डॅनी. नॉर्थ कॅरोलिनातल्या कोरोला किनाऱ्यावरचं लहान शिंगरू. 2020 च्या जुलैमधे कुणीतरी दिलेलं सफरचंद घशात अडकून गेलं. मारायला कुणी आलं नव्हतं, लाड करायलाच आलं होतं.

दुसरा आमच्या ॲसाटीगचा. नाव 'डेलिगेट्स प्राइड', सगळे 'चिप' म्हणायचे. लोकांच्या खाण्याची त्याला अशी चटक लागली की खाऊसाठी तो थेट तंबूंमधे शिरायला लागला, माणसांच्या अंगावर जायला लागला. शेवटी 2022 मधे त्याला बेटावरून हलवून टेक्ससमधल्या एका प्राणी अभयारण्यात पाठवलं. तिथे त्याची नीट काळजी घेतात. पण समुद्र नाही, स्वतःचा कळप नाही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खाऊ लोकांनी घातला आणि घर सुटलं त्याचं."

एवढंच. याच्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. एका वाक्यात तिने पार्कची अख्खी माहितीपत्रिका बसवली होती. खाऊ देणाऱ्याच्या पदरी पुण्याचा आनंद, तोही पाच मिनिटांचा. किंमत मात्र मोजणार घोडा. गाडीच्या खिडकीतून बिस्किट देणारा निघून जातो, पण घोड्याच्या डोक्यात 'गाडी म्हणजे खाऊ' हे समीकरण पक्कं होतं आणि तो रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहायला लागतो. गाडीखाली मेलेले घोडेही या बेटाने पाहिले आहेत.

तर मंडळी, फायनल प्लॅन असा. ऑक्टोबरचा पहिला वीकेंड. उन्हाळ्यात चावऱ्या माश्या आणि डासांपासून पळून घोडे वाऱ्याला थेट किनाऱ्यावर येतात, तेव्हा दिसायची शक्यता जास्त. पण तेव्हा डास आपल्यालाही सोडत नाहीत आणि गर्दी तर विचारूच नका. ऑक्टोबरमधे घोडे दलदलीच्या बाजूला जास्त असणार, म्हणून दुर्बीण. तंबू नाही, ओशन सिटीत मोटेल (आईची बाथरूम). बेटावर गाडी हळू, थांबायचं तर पार्किंगमधेच. दलदल, जंगल आणि वाळूच्या टेकड्या अशा तीन छोट्या पायवाटा आहेत, बाबांच्या गुडघ्यांना झेपतील अशा. ठेपले आणि दशम्यांचे डबे गाडीत बंद. टेबलावर उघडं ठेवून फोटो काढायला पळायचं नाही. आणि घोडे दिसलेच नाहीत तरी कुरकुर करायची नाही. ही काय राणीची बाग नाही.

मित्राच्या लेकीसाठी बाबांनी युक्ती काढली. हात लावता येणार नाही, तर घोडे मोजायचं काम तिचं. प्रत्येक घोड्याचा रंग वहीत लिहायचा. ती इतकी तयारीला लागली आहे की सध्या घरातली सगळी माणसं रंगाप्रमाणे मोजून झाली आहेत.

आई काल दुकानातून गाजरं घेऊन आलीच. माझा चेहरा बघून म्हणाली, "हलव्याची आहेत रे." आणि मग जरा थांबून, "लांबून नमस्कार केलेला चालतो ना?"

चालतो की! तेवढा तर चाळीस फुटांवरूनही पोचतो.

असो. परत आल्यावर फोटो टाकतोच. सगळे झूम करून काढलेले असतील, तेव्हा क्वालिटीबद्दल तक्रार चालणार नाही.