भिंतीकडची बाजू

रत्नागिरीजवळ नाचणे इथल्या आमच्या घरात गच्चीवरच्या सोलरपासून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची लाइन तांब्याची आहे. सासऱ्यांनी हौसेनं टाकून घेतलेली. रत्नागिरीत आता जिकडेतिकडे सीपीव्हीसी. तांब्याला झाळ देणारा प्लंबर मिळणं कठीण. त्यामुळे मे महिन्यात मागच्या भिंतीला ओल दिसली, तेव्हा दाखवायचं कोणाला, हाच पहिला प्रश्न पडला.

त्याआधी गळती शोधायला हवी होती. भिंत बिनगिलाव्याची, जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी एकीकडे मुरतं आणि डाग भलतीकडे उमटतो. पावसाळ्यात तर कोकणातली भिंत ओलीच असते, वेगळी गळती कळत नाही. उन्हाळा होता म्हणून निभावलं. पाइप फडक्यानं कोरडा केला आणि प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवली. थोड्या वेळानं एका एल्बोच्या भिंतीकडच्या अंगाला पावडर भिजून चिकटली. तिथेच हिरवट-पांढरी पुटं चढली होती. म्हणजे जोड बराच काळ पाझरत होता आणि पाणी गरम पाइपावरच सुकून जात होतं.

वरून पुट्टी थापा, असा सल्ला मिळाला. मला तो पटला नाही, कारण त्यानं डाग थांबतो, जोड सुधारत नाही. शेवटी फ्रिज-एसी दुरुस्त करणारे एक चाचा आले. तांब्याच्या नळ्या जोडण्यातच त्यांचा जन्म गेलेला. एसीसाठी ते वापरतात ती फॉस्फरसमिश्रित तांब्याची कांडी वितळायला सातशे अंशांहून जास्त उष्णता लागते. ती त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. “एवढी आग दिली तर शेजारचे जोडही सुटतील, ताई.” आमची जुनी झाळ कथलाची, आणि शुद्ध कथीलसुद्धा २३२ अंशांना वितळतं. शिसं मिसळलेली डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागते, त्यामुळे हाताळायला सोपी. पण हेच पाणी स्वयंपाकघरातही येतं, म्हणून बिनशिशाची तार मागवली.

एल्बो तापवून सोडवला आणि कारण समोर आलं. पाइपाच्या टोकाला पुढच्या अर्ध्या भागावर कथील चकचकीत पसरलेलं, भिंतीकडचा अर्धा भाग काळा आणि कोरडा. मूळ जोड देणाऱ्यानं ज्योत फक्त समोरून धरली असणार. कथील तापलेल्या, स्वच्छ तांब्याकडे ओढलं जातं. पाइप आणि फिटिंगमधल्या बारीक फटीत ते वरच्या दिशेनंही चढतं. थंड तांब्यावर मात्र त्याचे मणी होऊन गळून पडतात.

व्हॉल्व्ह बंद करूनही पाइपात थेंब येत होते. ही मोठी अडचण होती. आत पाणी असलं की ज्योतीची सगळी उष्णता ते उकळण्यात जाते, आणि तांबं झाळेइतकं तापतच नाही. चाचांनी घरात पाव आहे का विचारलं. लादीपावाचा आतला मऊ भाग त्यांनी पाइपात सारला. तेवढ्यानं थेंब अडले. काम झाल्यावर नळाची जाळी काढून पाणी सोडलं, तेव्हा पाव विरघळून निघून गेला.

मग पाइपाचं टोक बाहेरून आणि फिटिंगचं अंग आतून पॉलिश पेपरनं लखलखीत घासलं, फ्लक्स लावलं, शेजारच्या जोडावर ओलं फडकं गुंडाळलं. क्लॅम्प सैल करून पाइप भिंतीपासून सुटा केला आणि ज्योत मागून, एल्बोच्या पोटावर धरली. तार मात्र पुढून टेकवली. ज्योत तारेला लावलीच नाही. तांब्याच्या उष्णतेनंच ती वितळली आणि चकाकती रेघ जोडाभोवती फिरून आली. निवेपर्यंत कोणी हात लावला नाही. उरलेलं फ्लक्स तांबं खातं, म्हणून ते ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

त्याच लाइनीवरचे बाकीचे एल्बो आम्ही हातआरसा मागे धरून तपासले. आणखी एकाच्या मागे कथलाची रेघ तुटलेली निघाली. तो अजून गळत नव्हता, तरी चाचांनी तोही उघडून नव्यानं जोडला. समोरून बघणाऱ्याला प्रत्येक जोड चांगलाच दिसतो. म्हणून घरात तांब्याचं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, मजुरी देण्याआधी आणि पाइप भिंतीत बुजवण्याआधी आरसा मागा, आणि भिंतीकडची बाजू स्वतः बघा.