काठाकाठाने

सायकल शिकले तेव्हा सीटवर बसून माझे पाय पायडलला पुरत नव्हते. दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि तिरकं होऊन हाणायची. तासाच्या भाड्याने आणलेली ती सायकल परत करायची वेळ झाली की रडू यायचं. पुढे पुण्यातल्या रस्त्यांवर गाड्या इतक्या वाढल्या की सायकल सुटली ती सुटलीच. त्यामुळे यंदा एप्रिलअखेर न्यूयॉर्कला भाचीकडे गेले असताना ती म्हणाली, "मावशी, उद्या नदीकाठाने सायकलवर जाऊ," तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं.

"अगं, अख्खी वाट सपाट आहे. मध्ये गाडी येत नाही. दमलीस तर बाकावर बसू."

एवढं सोपं असेल यावर माझा विश्वास नव्हता. पण खरोखरच तसं निघालं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी म्हणतात, तिथून हडसनच्या काठाने उत्तरेला एक वाट जाते. जॉर्ज वॉशिंग्टन पुलापर्यंत साधारण 17-18 किलोमीटर. उजव्या हाताला मोटारींचा हमरस्ता, डाव्या हाताला पाणी आणि मधोमध ही पिवळ्या रेघेने दुभागलेली सायकलींची वाट. आपण उजव्या कडेने चालवायची. मागून कुणी भरधाव आला की "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो आणि डावीकडून निघून जातो. पहिला अर्धा तास मी दर हाकेला दचकत होते. मग हँडलवरची मूठ आपोआप सैल झाली.

वारा पाठीवर होता. नाकात खारट, शेवाळी वास आला आणि मला एकदम दाभोळची आठवण झाली. नकाशावर हिला नदी म्हणतात खरं, पण आपल्या कोकणच्या भाषेत ही खाडी. समुद्राची भरती हिच्यात सुमारे 240 किलोमीटर आतपर्यंत, थेट ट्रॉय गावापर्यंत चढते. इथल्या मूळच्या लोकांनी हिला नावच मुळी दोन्हीकडे वाहणारं पाणी अशा अर्थाचं दिलं होतं. आम्ही निघालो तेव्हा भरती होती. लाकडाचा एक ओंडका आमच्याबरोबर उत्तरेला निघाला होता, समुद्राकडे पाठ करून.

थोड्या अंतरावर वाटेच्या तोंडाशी रोवलेले जाडजूड लोखंडी खांब दिसले. भाचीने वेग कमी केला. 31 ऑक्टोबर 2017 रोजी एका माणसाने याच वाटेवर ट्रक घातला आणि आठ जण मारले. त्यात अर्जेंटिनातल्या रोसारिओचे पाच मित्र होते. शाळा सोडल्याला तीस वर्षं झाली म्हणून सगळे मिळून आले होते आणि आमच्यासारखेच, मजेत, सायकलवर निघाले होते. त्यानंतर हे खांब आले. दोन खांबांमधून जाताना मी सायकल थोडी सावरली. तिथे घंटी वाजवावीशी वाटली नाही.

पुढे पाण्यात काळे खुंट दिसायला लागतात. ओळीने उभे, शेकड्यांनी, कुणाच्या डोक्यावर पाणकावळा. हे जुन्या धक्क्यांचे पाय. एके काळी हा सगळा काठ जहाजांचा होता. 1912 साली टायटॅनिकमधून वाचलेली माणसं कार्पेथिया बोटीने इथल्याच एका धक्क्यावर उतरवली होती. त्या धक्क्याची लोखंडी कमान तेवढी आज उभी आहे. बोटी गेल्या, फळ्या कुजल्या, खुंट उरले. मला वाटलं होतं, काढायला पैसे नसतील म्हणून ठेवले असतील. पण या खुंटांनीच हा काठ वाचवला आहे, आणि ती हकिगत ऐकल्यापासून मी ती भेटेल त्याला सांगते आहे.

काठाशी पूर्वी उंच खांबांवरून जाणारा महामार्ग होता. डिसेंबर 1973 मध्ये त्याच्याच दुरुस्तीसाठी डांबर घेऊन निघालेला ट्रक त्याच्यातूनच खाली कोसळला. रस्ता बंद झाला. पाडापाडीला बरीच वर्षं लागली. तेवढ्या काळात, गाड्या नाहीत असं पाहून लोक वर चढले आणि त्या ओसाड रस्त्यावर चालू-पळू लागले, सायकली फिरवू लागले. नदी तिथून दिसते हे गावाला तेव्हा नव्याने कळलं. सरकारच्या मनात मात्र नदीत भराव घालून त्याच्या पोटातून नवा महामार्ग काढायचा होता. वेस्टवे हे त्याचं नाव. खटले झाले. त्यात पुढे आलं की स्ट्राइप्ड बास नावाच्या माशाची पिल्लं हिवाळ्यात याच जुन्या धक्क्यांच्या आसऱ्याला असतात. भराव पडला असता तर त्यांचा निवारा गेला असता. 1985 साली तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. 1998 मध्ये कायदा करून काठावर बाग करायचं ठरलं. ही वाट कुणी सहज दिलेली नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणारी माणसं आहेत.

शंभराव्या रस्त्यानंतर वाट अगदी पाण्यालगत येते. त्या भागाला चेरी वॉक म्हणतात. बहर ओसरत आला होता, पण संपला नव्हता. भाचीच्या काळ्या हेल्मेटवर पाकळ्या चिकटल्या होत्या. माझ्या पुढच्या चाकाच्या ओल्या टायरला एक पाकळी चिकटली आणि चाकाबरोबर गरगर फिरत राहिली, वर-खाली, वर-खाली. किती तरी वेळ मी रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होते.

116व्या रस्त्याच्या सुमाराला मी पाय टेकवला. वर टेकाडावर, झाडांच्या आणि इमारतींच्या पलीकडे, कोलंबिया विद्यापीठ आहे. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै 1913 मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर तिथे आले. 1916 पर्यंत राहिले. अर्थशास्त्र शिकले, तत्त्वज्ञ ड्यूईंची व्याख्यानं ऐकली, भारतातल्या जातींवरचा आपला निबंध तिथेच वाचला. त्या वेळी खालच्या या काठावर मालगाड्यांचे रूळ होते, चालायला वाट नव्हती. पण वर्गात, जेवणाच्या टेबलाशी त्यांना कुणी दूर बसवत नव्हतं. अकरा वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता. तरी त्या पाण्यासाठी लोकांना मार खावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं.

आम्ही मराठी माणसं पाण्याच्या काठावर उभे राहतो तेव्हा महाड आठवायला हवं. मला तिथे आठवलं. माझ्या समोरून त्या पाच मिनिटांत गेले ते असे: एक काळा म्हातारा, कॅरियरला रेडिओ बांधलेला. ज्यू बायकांचा घोळका. पोटाशी बाळ बांधून चालणारा बाप. मासे धरायला बसलेले दोघे स्पॅनिशमध्ये भांडत होते. कुणी कुणाला इथे का आलास म्हणून विचारत नव्हतं.

"काय झालं गं मावशी?"

"काही नाही. चल."

वाटेच्या शेवटी, थोराड करड्या पुलाच्या पायाशी, एक छोटंसं लाल दीपगृह आहे. उंची जेमतेम 40 फूट. पूल 1931 मध्ये झाला आणि त्याच्या दिव्यांपुढे या दिव्याची गरज उरली नाही. ते विकायला काढणार होते. पण 1942 साली त्या दोघांवर मुलांसाठी एक पुस्तक निघालं होतं, लाल दीपगृह आणि करडा पूल यांच्या दोस्तीचं. ते वाचून वाढलेल्या मुलांनी पत्रं धाडली, खाऊचे पैसे धाडले. 1951 मध्ये दीपगृह शहराच्या बागखात्याकडे आलं आणि राहिलं. मी त्याच्या लोखंडी भिंतीला हात लावला. उन्हाने तापली होती. पुलावरून गाड्यांचा घोंघाट येत होता, खाली लाटा दगडांवर आपटत होत्या. पाणी उलटलं होतं. आता ओहोटी लागली होती.

मुलाकडे, मुलीकडे, भाचीकडे न्यूयॉर्कला जाणार असाल तर एक सकाळ या वाटेला द्या. उंच इमारती काय, कधीही बघता येतील. बॅटरीकडून निघा, पाणी डाव्या हाताला ठेवा, घाई करू नका. 116व्या रस्त्याशी पाय टेकवा. सायकल भाड्याने मिळते. काठावर जायला पैसे पडत नाहीत.