संगणक नवा, पाटी कोरी : एका फॉरमॅटची गोष्ट



आमच्या लांज्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर असाच एकदा ढगांचा गडगडाट झाला आणि शाळेतला संगणक बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, "बाई, मदरबोर्ड गेला." जुन्या बोर्डाला जोड मिळेना, म्हणून प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागली. हार्डडिस्क तेवढी जुनीच राहिली.

सगळं जोडून बटण दाबलं, तर पडद्यावर एकच ओळ. बूट करायला डिस्कच सापडत नाही! जुनी डिस्क जुन्या बायोसच्या एमबीआर पद्धतीने मांडलेली, नवा बोर्ड मात्र यूईएफआयवाला. दोघांची भाषाच जुळेना.

"सरळ फॉरमॅट मारू, अर्ध्या तासाचं काम," मेकॅनिक म्हणाला. मी "हो" म्हणणारच होते. महत्त्वाचं काही सी ड्राइव्हमध्ये ठेवायचं नाही, हा माझा नियम. मग एकदम आठवलं, डेस्कटॉपवर 'आजीच्या ओव्या' नावाचं फोल्डर आहे! चौथीच्या मुलांनी घरोघरी जाऊन आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर टिपून आणल्या होत्या. आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच की! डॉक्युमेंट्स, डाउनलोड्ससुद्धा तिथेच असतात. मला हे माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं.

डिस्क काढून घेतली आणि यूएसबी केसमध्ये घालून घरच्या लॅपटॉपला जोडली. रात्री उशिरापर्यंत कॉपी चालू होती. दोन फाईली खराब निघाल्या, त्या काही आल्या नाहीत.

पुढचा प्रश्न लायसन्सचा. जुन्या संगणकासोबत आलेलं विंडोज त्या मदरबोर्डाशीच बांधलेलं होतं. बोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी तो संगणकच दुसरा. "क्रॅक टाकून देतो," असं सुचवलं गेलं. पण परीक्षेत 'कॉपी करू नका' म्हणून मुलांना सांगायचं कोणत्या तोंडाने? शेवटी उबुंटू टाकलं. ते मोफत आहे, मराठी कळफलक सेटिंगमध्येच मिळाला. केरळच्या शाळा लिनक्सवर शिकतात, मग आपल्याला काय हरकत? अडचण एकच आली. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर नुसती गिचमीड! युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मात्र जशाच्या तशा दिसल्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा :

१. मदरबोर्ड बदलण्याआधीच बॅकअप घ्या. डेस्कटॉप विसरू नका.
२. विंडोजचं लायसन्स वेगळं विकत घेतलेलं असेल, तर ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. बोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन सोपं जातं.
३. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह इन्स्टॉलेशनसाठी तयार ठेवा. त्यातलं सगळं पुसलं जातं.
४. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. तो नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसेल तर ड्रायव्हर नाही!
५. विंडोज ११ हवं असेल तर नव्या बोर्डावर टीपीएम २.० आहे का, ते विचारून घ्या.
६. बॅकअपमधली एकतरी फाईल उघडून बघा, मगच फॉरमॅट करा.

संगणक चालू झाल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, ह्यो आपलाच काय?" पेटी तीच, कीबोर्ड तोच, आतलं डोकं नवं. मी म्हटलं, "ओव्या आहेत ना आत? मग आपलाच."

खराब झालेल्या दोन ओव्यांसाठी दोघी मुली पुन्हा आजीकडे गेल्या. एका आजीने हसत हसत दुसरीच ओवी म्हटली. "त्या दिवशी ती आठवली, आज ही," म्हणाली. ती पहिली ओवी गेली ती गेलीच.

आता दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी दोन मुलं पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात. तुमच्या शाळेत काय पद्धत आहे? नक्की कळवा.