पानातून उगवलेलं

विसरवाडीच्या आमच्या घरामागे, मोरीचं पाणी जिरायचं तिथे पानफुटी माजलेली असे. मूतखड्याचा त्रास असलेली माणसं आजीकडे तिची पानं मागायला यायची. तिसरीत असताना मी त्यातलं एक पान वहीत ठेवलं आणि विसरलो. दहा-बारा दिवसांनी वही उघडली, तर पानाच्या कडेच्या खाचांतून इवली रोपं डोकावत होती, पांढऱ्या मुळ्यांसकट. माती नाही, पाणी नाही, आणि तरी रोप! ती वही घेऊन मी घरोघर फिरलो. पुढे कळलं की ‘शाकुंतला’वर लुब्ध झालेला जर्मन कवी गटे याच झाडाच्या नादी लागला होता आणि आपल्या स्नेह्यांना त्याची पानं पाठवत असे. माझा आनंद वेडा नव्हता, याचं मला फार बरं वाटलं.

पान तोडलं की ते मेलं, यावर मी त्यानंतर कधीच पूर्ण विश्वास ठेवला नाही.

2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारसा यादीत गेलं, त्याच पावसाळ्यात मी साताऱ्याला गेलो होतो. सीतेच्या आसवांनी पठार निळंजांभळं झालं होतं. ही नाजूक फुलं धरणारी वनस्पती जमिनीखाली बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते, हे तिथेच समजलं. मग उकिडवा बसलो आणि गवती दवबिंदू दिसला. लालसर केस, प्रत्येकाच्या टोकावर चिकट थेंब, एका पानाला डकलेलं चिलट. कातळावरच्या वीतभर मातीला पाऊस धुऊन काढतो, तिच्यात नत्र उरत नाही. ते नत्र ही रोपं किड्यांतून मिळवतात.

तिथलं काही आणायचं नव्हतंच. काही वर्षांनी एका रोपवाटिकेतून केप दवबिंदू मागवला, मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. वांगी लावावीत तसा मी तो लावला: काळी माती, शेणखत, बोअरचं पाणी. तीन आठवड्यांत गेला. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो. तेच क्षार त्याच्या मुळांना बाधले. मी प्रेमाने घातलेलं खतही त्याला विषच होतं.

दुसऱ्या रोपासाठी नारळाचा भुसा चार पाण्यांतून धुतला, त्यात धुतलेली वाळू मिसळली. पहिल्या दोन सरींत कौलं धुऊन निघू दिली आणि मग पन्हळीखाली बादल्या मांडल्या. रोप सावरल्यावर सहा पानं देठाच्या बुडापासून कापली. तीन ओल्या शेवाळावर आडवी ठेवली, तीन पावसाच्या पाण्याच्या काचेच्या बाटलीत तरंगत सोडली. शेवाळावरच्या दोन पानांना बुरशी आली, तिसरं नुसतंच काळं पडलं. बाटली खिडकीत होती, थेट ऊन लागणार नाही अशी. पंचविसाव्या दिवशी केसांच्या बुडाशी हिरवे ठिपके दिसले. आणखी आठवड्याने त्या ठिपक्यांना पानं आली, आणि मोहरीएवढ्या त्या पानांनाही थेंब होते.

आई म्हणाली, “माशी मारून घालू का रे त्याला?” मी नको म्हटलं. मोठ्या घासाने पानच सडतं. डार्विनने 1875 साली या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात एक निरीक्षण आहे: मांसाच्या कणाने दवबिंदूचे केस वाकतात, पण पावसाचे थेंब पडले तर वाकत नाहीत. आमच्या अंगणात मी भर पावसात ते पाहिलं आहे.

मे महिना मात्र कठीण गेला. माठाच्या सावलीत, ओल्या गोणपाटावर कुंड्या ठेवल्या. नऊ रोपांपैकी चार वाचली. आज घरी आहेत ती सगळी त्या चारांचीच.

तुम्हाला हा नाद लागला, तर कुंडीत वाढवलेल्या रोपाचं पान मागा आणि पावसाचं पाणी साठवून ठेवा. कासवरच्या किंवा कुठल्याही सड्यावरच्या रोपाला हात लावू नका. गवती दवबिंदू एकच हंगाम जगतो. पावसाळा सरताना बी टाकतो आणि वाळून जातो. त्याआधी उपटलेल्या रोपाचं बी त्या कातळावर पडतच नाही.